दहावी बाई

दुपारी तीन वाजता वालूरच्या साक्षरता वर्गात धुरपताबाईंनी सलग तिसऱ्या परीक्षेत कोरा पेपर दिला. वर्ग भरत असे तो शिक्षिका नीलम्माबाईंच्या ओसरीवर. उद्दिष्ट दहा बायांचं होतं. दहा पास झाल्या की वर्ग बंद. नऊ जणी केव्हाच पास होऊन गेल्या होत्या. तीन महिन्यांपासून ओसरीवर दोघीच बसत.

"तालुक्यात तुमचा एकच वर्ग मागं राहिलाय, बाई," पर्यवेक्षक दिनकरराव म्हणाले.

"शिकवायलेय की," असं म्हणून नीलम्माबाई चहा टाकायला आत गेल्या.

"आजी, एवढ्या दिवसांत म्हैससुद्धा सही करायला शिकली असती." दिनकररावांनी पुढच्या परीक्षेची नोटीस काढून भिंतीला लावली.

धुरपताबाईंनी ती पाहिली. "साहेब, ह्याच्यावर तारीख मागल्या महिन्याची हाय."

दिनकरराव वळले. "वाचता येतंय? मग पेपर कोरा कशामुळं?"

"हळू बोला." धुरपताबाईंनी आतल्या दाराकडं पाहिलं. "माझ्या घरात अकरा माणसं हायेत, साहेब. पाय पसरायला जागा न्हाई. बाईच्या घरात कोण हाय? मी पास झाले, तर उद्यापसून हितं कोण येणार?"

नीलम्माबाई चहा घेऊन बाहेर आल्या. दिनकररावांनी कप घेतला.

तालुक्याच्या शेवटच्या अहवालात दिनकररावांनी त्या वर्गापुढं 'उद्दिष्ट : दहा' एवढंच लिहिलेलं आहे. 'साध्य'चा रकाना कोरा आहे.