खुशालीचं बटण

"मॅडम, बटण इतकं सोपं करू नका, कुणीही दाबेल," असं ॲपच्या चाचणीच्या वेळी एक नर्स तिला म्हणाली होती. तिने ते हसण्यावारी नेलं. घरबसल्या दवाखान्यांची ॲप डिझाइन करून तिने नाव मिळवलं होतं, ते या सोपेपणावरच. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या ॲपमध्ये तिने एकच मोठं बटण ठेवलं, 'आज बरं वाटतंय', आणि सगळ्यात आधी ते बाबांच्या फोनवर टाकलं. रोज सकाळी बाळाला भरवताना, बाबांनी बटण दाबल्याचा हिरवा ठिपका तिच्या फोनवर उमटला की तिचा जीव भांड्यात पडायचा. शिवाय बाबांच्या शेजारच्या गल्लीत दादा होताच.

एका सकाळी ती न कळवता बाबांच्या दारात थडकली. बाबा तापाने फणफणले होते, पायाची जखम काळी पडली होती. ती जखमेवरचं फडकं सोडवत असतानाच तिच्या पर्समधला फोन वाजला. हिरवा ठिपका.

"बाबा, तुमचा फोन कुठाय?"

"दादानं नेला की, मागंच. म्हणाला, ती उगाच घाबरते, तुमची खुशाली मीच कळवत जाईन. पायाचं बोलला असेल ना तुला?"

"हो," ती म्हणाली, आणि तिने रुग्णवाहिकेला फोन लावला.

तुमचं कुणी लांब एकटं राहत असेल, तर आज जाऊन त्यांचे पाय बघून या.