चिंगीचा पंजा
लग्नानंतर रूपालीनं आपली कुत्री चिंगी सांबऱ्याहून येळ्ळूरला सासरी आणली, तेव्हाच सासूबाई म्हणाल्या, “घरात आपला खंड्या हाय. कुत्रा-कुत्री एकत्र न्हाय जमायचं गं.” पुढं चिंगी माजावर आली आणि खंड्या अन्न सोडून तिला कोंडलेल्या खोलीचं दार ओरबाडू लागला. माज ओसरल्यावर दोघांचं नसबंदीचं ऑपरेशन केलं, जखमा भरेपर्यंत चिंगीला घरामागच्या परड्यात ठेवलं. “दोघं भांडली तर तिला सांबऱ्याला धाडायचं,” सासूबाईंनी बजावलं. आज रूपालीनं परड्याच्या दाराची कडी काढली. खंड्या उसळून धावला. चिंगीनं दात विचकून त्याच्या नाकावर पंजा हाणला! एवढा दांडगा खंड्या थबकला, शेपूट हलवत चिंगीपुढं चक्क उताणा पडला. तिनं त्याचा कान चाटला आणि दोघं अंगणभर उधळली. सासूबाईंना हसू आवरेना. “ऱ्हाऊ दे तिला. तुझ्या मामंजींनाबी मी असंच सरळ केलतं!”