रिकामी पातेली

गळ्याच्या कॅन्सरसाठी घेतलेल्या शेकांनी जिभेची चव पार गेली, तरी कँटीनचा आचारी कामावर परत आला. "हाताला अंदाज आहे," बायकोला एवढंच सांगून तो निघाला होता.

कारखान्याचा फोरमन त्याचा जुना वैरी. मीठ जरा इकडेतिकडे झालं, की ताट घेऊन थेट चुलीपाशी यायचा आणि चारचौघांत त्याचा उद्धार करायचा. आज पहिला घास घेतल्यावर तोच क्षणभर थांबला आणि म्हणाला, "वा! हात तोच आहे रे तुझा. वाढ अजून." मग सगळ्यांनीच मागून मागून खाल्लं. पातेली चाटूनपुसून रिकामी झाली.

ओटा पुसता पुसता त्याने बायकोला फोन लावला. "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

पातेल्यामागे त्याला मिठाची पिशवी दिसली. मिठाचा डबा रिकामा होता म्हणून सकाळी त्यानेच काढून ठेवलेली. तिचं तोंड अजून शिवलेलंच होतं.

"आणि तुमचा तो फोरमन?" बायको हसत विचारत होती. "भांडला नाही?"

"नाही," तो म्हणाला. "आता तो कधीच भांडणार नाही."