पाणी सोडणारी बाई

सव्वासहाला डोहातलं पाणी पुन्हा उतरलं. मांडीपर्यंत होतं ते घोट्यावर आलं आणि हालवोरचा गळ दगडांत अडकला. त्यानं दोर तोडला, काठावर आला आणि फोन लावला.

"नियंत्रण कक्ष."

"तुरिद, पाणी का बंद केलंस?"

"विजेला मागणी नाही, हालवोर."

"साल्मन माशांनाही असंच सांगतेस का?"

"सांगितलं असतं. ते फोन उचलत नाहीत."

अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. वर डोंगरात वीजकेंद्र, खाली हालवोरचा डोह. केंद्र थांबलं की नदी ओसरायची आणि समुद्रातून चढत आलेले मासे खालच्या खडकांशीच खोळंबायचे. तुरिद पलीकडच्या खोऱ्यातली. त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं, पण माझ्यापेक्षा तिच्याशीच जास्त भांडतोस, असं त्याची बायको रागन्हिल म्हणायची.

या वर्षी मात्र पाणी डोक्यावरून जायची वेळ आली होती. रविवारी काठावरच्या जमीनमालकांची सभा होती. वीजकंपनी भरपाई देऊन मासेमारीचा हक्क कायमचा काढून घेणार होती, आणि त्यावर सभेत मतं द्यायची होती. बहुतेकांना ते पटलंही होतं. तीन उन्हाळे कुणाच्याच गळाला साल्मन लागला नव्हता.

शुक्रवारी हालवोरनं पुन्हा फोन केला.

"उद्या सकाळी दोन तास पाणी दे. एवढंच मागतो."

"माझ्या हातात नसतं ते."

"मग कुणाच्या? बटण तर तूच दाबतेस."

"बघते," ती म्हणाली.

"अकरा वर्षं नुसती बघतेच आहेस." त्यानं फोन आपटला.

शनिवारी आठच्या सुमारास नदी भरली. हालवोर कमरेपर्यंत पाण्यात उभा राहिला. तासभर काहीच नाही. तो मनातल्या मनात तुरिदला शिव्या घालत असतानाच दोर ताठ झाला. पंचवीस मिनिटांनी त्यानं सहा किलोची मादी वाळूवर ओढली. गळ काढायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

रविवारी त्यानं तो मासा सभेच्या टेबलावर ठेवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. जमीनमालकांपैकी म्हाताऱ्या श्यूरनं उठून माशाचे कल्ले उचलून पाहिले. लाल, ताजे. मतदान झालं. दोन मतांनी हक्क राहिला.

सोमवारी हालवोर माशाचा मोठा तुकडा कागदात गुंडाळून वीजकेंद्रावर गेला. तुरिदला काय म्हणायचं ते त्यानं वाटेत चारदा ठरवलं आणि चारदा बदललं. दारात हेल्मेट घातलेला एक इंजिनियर कुलूप लावत होता.

"तुरिद आत आहे?"

"इथे? इथे सहा वर्षं कुणीच बसत नाही. सगळं शहरातून चालतं, आमच्या संगणकावरून. मी महिन्यातून एकदा तपासणीला येतो."

"पण फोन ती उचलते."

"निवृत्त होताना तो नंबर तिनं स्वतःच्या घरी वळवून घेतला."

"मग शनिवारचं पाणी कुणी सोडलं?"

"आम्हीच. काय करणार? रोज सकाळी ती फोन करून झोडपते आम्हाला. शुक्रवारी तर सरळ येऊन साहेबांच्या दारात बसली." त्यानं किल्ली खिशात टाकली. "त्या डोहावर मासे तीच धरते, असंच वाटायचं आम्हाला."