जहाजांची बाजू

जैनथच्या शाळेत इतिहास शिकवणारा हर्षदीप तीन महिने फोनवर एकच वाद घालत होता. पुण्यातली काही हौशी मंडळी सामुराईंच्या काळातल्या जपानवर युद्धाचा एक व्हिडिओ गेम बनवत होती. त्यांच्या फोनवरच्या गटात हर्षदीपसकट सगळे टोपणनावानंच वावरायचे.

"सामुराई म्हणजे घोडा आणि तलवार. त्यात जहाजं कशाला?" असं गटप्रमुख अवधूतचं म्हणणं होतं. हर्षदीपनं नकाशे काढून पाठवले, बेटांवरच्या चाच्यांना सरदार पदरी कसे ठेवत ते पानंच्या पानं लिहून पटवलं. शेवटी अवधूतनंच लिहिलं, "हरलो, सर! जहाजं नक्की. आणि तुम्ही आमचे आरमारप्रमुख."

रविवारी सगळे पहिल्यांदाच व्हिडिओ कॉलवर भेटले. हर्षदीपच्या मागे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. अवधूत तिकडे जरा वेळ बघत राहिला.

"तुमचं आडनाव काय, सर?"

हर्षदीपनं सांगितलं, "मुनेश्वर." "बाकीचं गटावर कळवतो," म्हणत अवधूतनं पाच मिनिटांत कॉल संपवला.

हर्षदीपनं गट उघडून पाहिला. त्याला काढून टाकलं होतं.

आतून आई भागीरथा हात पुसत आली. तीन महिने त्याच्या तोंडून तिनं हाच वाद ऐकला होता. "काऊन रे, इतक्या लवकर आटपलं? जहाजं नाई घेतले का त्यायनं?"

 

"घेतले ना माय. जहाजं घेतले त्यायनं."