तोंड पाहणं

सोसायटीच्या चित्रकलेच्या वर्गात मास्तरांनी जोड्या लावल्या आणि नेमक्या दोघी जावा समोरासमोर आल्या. एकाच जिन्यावर राहून सात वर्षं दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

मास्तरांना त्याचा पत्ता नव्हता. "कागदाकडे बघायचं नाही, खोडरबर वापरायचं नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावरची नजर न हलवता चित्र काढायचं."

धाकटीने दातओठ खात पेन्सिल टेकवली. कपाळ झालं, नाक झालं, हनुवटी झाली. मानेवर पेन्सिल अडली, मागे गेली, पुन्हा तिथेच आली.

"इथे रेघ फुगलीय," मास्तर मागून म्हणाले. "हात घसरला का?"

"नाही घसरला." धाकटीची नजर अजून समोरच होती. "जाऊबाई, मानेला ही गाठ कधीपासून आहे?"

थोरलीचा हात मानेकडे गेला. ती म्हणाली, "तीन महिने झाले. घरातले सगळे रोज माझं तोंड बघतात, पण कुणाला दिसली नाही."

"उद्या सकाळी दवाखान्यात जाऊ. मी येतेय," धाकटी म्हणाली. "आता हात काढा. माझं चित्र राहिलंय."