बारावं गाठोडं

बारावं गाठोडं बाहेर आलं आणि बाजेवाल्याचा सूर मधेच अडकला.

घराण्याची मेलेली माणसं थडग्यात अकरा, प्रत्येकाच्या हाडांचं एक गाठोडं. रिवाजाप्रमाणं दगडी दार सात वर्षांनी उघडलेलं. एकेकाला बाहेर काढायचं, मोठ्यानं नाव घ्यायचं, नवं रेशीम गुंडाळायचं, खांद्यावर घेऊन नाचवायचं. दोनशे माणसं सकाळपासून धूळ उडवत होती. पोटात डुकराचं मटण न् भात, वर रम. घराण्याची लेक बाकोली तर मेलेल्या आईला खांद्यावर घेऊन सात फेऱ्या नाचली होती. नाचता नाचता सगळ्या बातम्या सांगितल्या तिला. कोण बाळंत झालं, कुणी नवा पत्रा घातला.

"हे कुणाचं?" राजोनाकाकानं विचारलं. घराण्यात थोरला तोच. घरातला तरणा पोरगा तोजो आत उतरून एकेक वर देत होता. तो म्हणाला, "ह्याच्यावर नाव नाही, काका."



बाकोलीला ठाऊक होतं. बेमा होता तो. त्यांचा गुराखी. तीस वर्षं गुरं राखली त्यानं, आणि लहानपणी हिला पाठुंगळी घेऊन भातखाचरातनं शाळेत नेलं. लांब दक्षिणेकडनं आलेला, मागं कुणी नाही. मेला तर रस्त्याकडेला पुरला. हिला ते सलत राहिलं. मागल्या खेपेला असंच दार उघडलं, तेव्हा हिनं त्याला उकरून आणला आणि नाचाच्या गोंधळात हळूच आत सरकवला. गाठोडी काय, सगळी सारखीच दिसतात.

"परक्याला आत घालणाऱ्याला मेल्यावर इथं जागा नाही," काका म्हणाला. हे तो दरवेळी म्हणायचा. आज आवाज जरा जास्तच चढला होता. "नाव सांगा. नाहीतर दिवस मावळायच्या आत हे रस्त्याला जाईल."

ऊन कलतच होतं. बाकोली साठीची. आईच्या शेजारची जागा तिची ठरलेली. आता तोंड उघडलं तर ती गेली.

दोघांनी गाठोडं उचललं. हलकं होतं. चार पावलं गेलेसुद्धा.

"ठेवा रे खाली," बाकोली म्हणाली. "मी घातला त्याला. बेमा आहे तो. माझी जागा घ्या काढून, जा. पण ह्याला बिननावाचा हलवायचा नाही."

अंगावरची शाल काढून तिनं त्याला गुंडाळला. वाकून त्याच्या कानाशी, म्हणजे कान असेल तिथं, मोठ्यानं ओरडली, "बेमा, ऊठ. गुरं सगळी बांधली. आता नाचायचंय."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. ढोलवाल्याचा हात आपोआप पडला, धम्म.

काका रागानं लाल व्हायचा, तो पार पांढरा पडला होता.

"बेमा?" तो म्हणाला. "हा बेमा आहे?"

"मग तुम्हाला कोण वाटला?"

काकानं थडग्याच्या दाराकडं पाहिलं. तेवढ्यात आतनं तोजो ओरडला.

"काका, अजून एक आहे."

ढोल थांबला. तेरावं गाठोडं बाहेर आलं. त्याच्यावरही नाव नव्हतं. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. काका मात्र कुणाकडं बघेना. सावकाश पुढं गेला, गुडघ्यावर बसला, डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली.

"माझं आहे," म्हणाला. आणि मग अगदी हळू, गाठोड्याखालच्या चटईलाच सांगितल्यासारखं, "केताका."

नाव बाईचं होतं.

काकाची बायको नोरोकाकू गर्दीतनं वाट काढत आली. चाळीस वर्षांचा संसार होता दोघांचा. कमरेवर हात ठेवून ती नवऱ्याच्या डोक्याशी उभी राहिली.

"मोठ्यानं सांगा," ती म्हणाली. "तिला कमी ऐकू यायचं."